मागच्या ओळीतल्या कुप्या

हातकणंगल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच असलेल्या त्या गावात जानेवारी महिन्यात दोन फ्लेक्स लागले आणि दोन्ही खोटे निघाले. कुणी मुद्दाम थाप मारलेली नव्हती. लावणाऱ्यांचं कौतुक उतू गेलं होतं, एवढंच.

पहिला फ्लेक्स चौकात, तालमीसमोर. तो सयाजीनं लावलेला. सयाजी म्हणजे विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या विजयसिंह सरांचा पुतण्या आणि गावातल्या कुठल्याही सत्काराचा कायमचा निमंत्रक. फ्लेक्सवर सरांचा फेटा बांधलेला भला मोठा फोटो, वर ‘जीवसृष्टीचं कोडं उलगडणारे गावचे सुपुत्र’, खाली गॉगल घातलेल्या पोरांची रांग, आणि एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी, त्यांची विद्यार्थिनी अक्षता. दुसरा फ्लेक्स बौद्धवाडीच्या कमानीपाशी. तो अक्षताच्या चुलतभावानं, प्रसेनजीतनं लावलेला. त्यात अक्षता माणसाएवढी होती. पीएच.डी. अजून पदरात पडायची होती, तरी डोक्यावर पदवीची काळी टोपी चढवलेली. ‘निर्जीव रसायनातून जीव निर्माण करणारी आमची वाघीण’ असं खाली लिहिलेलं.

“प्रशा, मी जीव-बिव कायबी तयार केला न्हाय,” ती त्याला म्हणाली होती.

“थोडाफार तर केलास न्हवं?”

“तसं न्हाय रे ते.”

“आता ‘थोडाफार’ असं फ्लेक्सवर लिहून बरं दिसतंय व्हय?” प्रसेनजीतनं तिलाच गप्प केलं.

अक्षता हसली. तेव्हा हसणं परवडत होतं. प्रयोग खरा आहे अशी तिची खात्री होती, फ्लेक्सवरचे शब्द तेवढे फुगलेले होते. फुगलेल्या शब्दांची कोल्हापूरकडं कुणाला सवय नाही?

ती काय करत होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. आपलं अंग, केस, नखं, सगळं प्रथिनांवर उभं आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. माळ आखूड असली की तिला पेप्टाइड म्हणायचं. आज ही माळ पेशी ओवतात. पण पृथ्वीवर पेशीच नव्हत्या, जीव म्हणून काही नव्हताच, तेव्हा पहिले दोन मणी जोडले कुणी? यातली मेख पाण्यात आहे. दोन अमिनो आम्लं जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर टाकतात. भोवती पाणीच पाणी असलं तर ती जुळायला राजी होत नाहीत, आणि जुळलेलीही हळूहळू सुटतात. बरं, पार कोरडं ठेवावं तर जागची हलत नाहीत, मग एकमेकांना भेटणार कशी? म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, हे समुद्रात झालं नसावं, काठावरच्या डबक्यात झालं असावं. डबकं उन्हानं आटायचं, पावसानं भरायचं, पुन्हा आटायचं. आटताना जुळायचं आणि भिजताना जागा बदलायची. त्यात ताकाला आंबटपणा देतं ते लॅक्टिक आम्ल थोडं असलं तर काम सोपं होतं. ते अमिनो आम्लाशी आधी सैलसं नातं जोडतं आणि मग दुसऱ्या अमिनो आम्लाला आपली जागा देऊन बाजूला होतं.

परदेशात हे बऱ्याच जणांनी करून पाहिलं होतं, पण चांगलीच आच लावून. विजयसिंह सरांचा हट्ट असा, की आपल्याकडं एप्रिलमधे काळा कातळ जेवढा तापतो तेवढ्याच उबेवर हे व्हायला हवं. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते, आणि हा हट्ट त्यांनी उमेदीची सगळी वर्षं उराशी धरला होता. अक्षता त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तिचा प्रबंध याच प्रयोगावर उभा होता.

प्रयोग दिसायला अगदी साधा. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत काचेच्या पडद्यामागं एक तापणारा ठोकळा. त्यात कुप्यांच्या दोन ओळी, एक पुढं, एक मागं. कुप्यांत दोन साधी अमिनो आम्लं, ग्लायसिन आणि अॅलनिन, सोबत लॅक्टिक आम्ल. सगळं बाटलीबंद, शुद्ध, कारखान्यात बनलेलं. दिवसभर वाळवायचं, संध्याकाळी शुद्ध पाण्याचे थेंब टाकून भिजवायचं, की पुन्हा वाळत ठेवायचं. प्रयोगशाळेत सगळे याला ‘वाळवण’च म्हणत. “मॅडम, आज किती पापड झालं?” असं शिपाई कृष्णातमामा तिला रोज विचारायचे आणि स्वतःच खुदुखुदु हसायचे.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत पुढच्या ओळीतल्या कुप्यांत माळ सापडली. दोन-तीन मण्यांची नव्हे, चांगली लांब. मागच्या ओळीत मात्र जेमतेम दोन-तीन मणी जुळलेले. मिश्रण तेच असून असं का, हे अक्षताला खटकलं होतं. सर म्हणाले, “ठोकळा जुना झालाय गं. मागं नीट तापत नाही.” शिवाय तुलनेसाठी लॅक्टिक आम्लाशिवाय ठेवलेल्या दोन कुप्या मागच्याच ओळीत होत्या आणि त्या अगदी कोऱ्या निघाल्या होत्या. मग शंका घ्यायची कशाला? बंगळुरूच्या परिषदेत सरांचं भाषण ठरलं. बातमी सयाजीच्या कानावर गेली आणि गावात फ्लेक्स चढले.

सत्काराला आठवडा राहिला असताना पुण्याहून मनालीचा फोन आला. मनाली अक्षताची एम.एस्सी.पासूनची मैत्रीण. तिच्या प्रयोगशाळेत जे यंत्र होतं ते इथं नव्हतं, म्हणून अक्षतानं दोन्ही ओळींतले नमुने तिच्याकडं पाठवले होते. प्रबंधात एक देखणी आकृती वाढेल, एवढाच हेतू.

“अक्षता, तू अॅलनिन कुठलं घातलं होतंस? डावं की उजवं?”

“दोन्ही. निम्मं-निम्मं.”

“नक्की?”

“माझ्या हातानं वजन करून घातलंय. का गं?”

“तुझ्या पुढच्या ओळीतल्या माळेत सगळं डावं आलंय,” मनाली हळू आवाजात म्हणाली. “आणि दुसरं म्हणजे, त्यात प्रोलिन आहे. ग्लुटामिक आम्ल आहे. तू घातलंच नाहीस असं बरंच काही आहे. मागच्या ओळीत मात्र डावं-उजवं मिसळलेलंच आहे.”

अक्षताला पुढचं काही ऐकायची गरज उरली नव्हती. अॅलनिनचे रेणू दोन तऱ्हेचे असतात, डावा हात आणि उजवा हात असतात तसे. सगळं सारखं, फक्त बाजू उलटी. नुसत्या रसायनाला डावं-उजवं कळत नाही, ते दोन्ही सारखंच उचलतं. प्रथिनं ओवताना निवडून फक्त डावं घेतो तो सजीव. गवत, म्हैस, माणूस, सगळे तेच करतात. तिच्या माळेत सगळं डावं होतं, म्हणजे ती माळ डबक्यात ओवली गेलेली नव्हती. कुठल्यातरी जिवंत अंगात ओवली गेली होती आणि मग कुपीत पडली होती.

तिनं सरांना लगेच सांगितलं नाही. आधी स्वतःला धुऊन काढलं. आपला हातमोजा फाटला होता का? पाणी खराब होतं का? पण पाणी दोन्ही ओळींत तेच होतं. मग फक्त पुढच्याच ओळीत काय पडलं? आणि कधी? जुन्या नोंदींचे आलेख तिनं पुन्हा उघडले. दसऱ्यापर्यंत दोन्ही ओळी सारख्याच होत्या. दसऱ्यानंतर पुढची ओळ एकदम वर गेली होती. दसऱ्याला ती इथं नव्हतीच. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी ती गावी गेली होती, विहारात वंदनेला. खंडेनवमी आणि दसरा, हे दोन दिवस कुप्या न भिजवता नुसत्या वाळत ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष सरांचं होतं.

कृष्णातमामा व्हरांड्यात चहा ओतत होते.

“मामा, खंडेनवमीला हितं काय झालतं?”

“काय हुतंय? पूजा केली की सरांनी, दरवर्षासारखी. समद्या यंत्रास्नी हळद-कुकू लावलं, झेंडूचं हार घातलं.” मामा रंगात आले. “ह्या वर्षी जरा जास्तच झाली बगा पूजा. खंडेनवमीला हत्यार चालवायचं नसतंय, आन् तुमचा त्यो ठोकळा तर बंद करता येत न्हवता. सरांच्या मनाला ते लागलं. म्हनले, कृष्णात, यंत्र चालू ठेवलंय, निदान पूजा तरी नीट करू या. घरच्या म्हशीचं दूध आणलतं त्यांनी. पाण्यात मिसळलं आन् झेंडूच्या फुलानं शिंपडलं.”

“ठोकळ्यावर बी?”

“त्याच्यावर तर पयलं! काचंखालनं हात घालून शिंपडलं की. म्हातारा डोळं मिटून हात जोडून हुबा हुता.” मग तिचा चेहरा बघून मामांचं हसू मावळलं. “का वं मॅडम? काय चुकलं व्हय?”

दूध. नुसती डावी प्रथिनं. काचेखालून घातलेला हात पुढच्या ओळीपर्यंत पोचला होता, मागच्या ओळीपर्यंत नाही. कुप्या वाळत होत्या म्हणून उघड्या होत्या. त्यांत पडलेल्या दुधातल्या प्रथिनांचे त्या आंबट, कोमट मिश्रणात हळूहळू तुकडे झाले आणि त्या तुकड्यांनाच यांनी जगातल्या पहिल्या माळा म्हणून डोक्यावर घेतलं होतं. अक्षताला रडू आलं आणि थोडं हसूही आलं. सगळं आयुष्य रसायनशास्त्रात घालवलेला माणूस, रोज दुसऱ्यांना हातमोजे घाला म्हणून ओरडणारा, त्यानं उघड्या कुप्यांवर दूध शिंपडलं, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. कारण ते काम प्रयोगशाळेतल्या सरांनी केलंच नव्हतं. ते बापाबरोबर नांगराची पूजा करणाऱ्या पोरानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं सरांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि मनालीचे आलेख टेबलावर ठेवले. सरांनी चष्मा चढवला. त्यांना समजायला वेळ लागला नाही. आधी त्यांचे कान लाल झाले, मग आवाज चढला.

“कुणी हात लावला? कृष्णातला बोलाव. सतरांदा सांगितलंय, तिथं पुसायला-झाडायला जायचं नाही म्हणून. बोलाव त्याला!”

आपलं नाव ऐकून चहा घेऊन आलेल्या मामांनी दार ढकललं.

प्रबंधावर सही याच माणसाची लागणार होती. मौखिक परीक्षेला शेजारी हाच माणूस बसणार होता. आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकं कुणी तिला शिकवलंही नव्हतं. पहिल्या वर्षी ती सेमिनारमधे अडखळली तेव्हा सगळे हसले होते, आणि सर म्हणाले होते, “हसताय कशाला? प्रश्न हिनंच बरोबर विचारलाय.” त्या माणसाला आता हे सांगायचं.

“सर, मामा नव्हे,” ती म्हणाली. “तुम्ही. खंडेनवमीला.”

सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांची नजर आपल्याच उजव्या हातावर गेली. बाहेर मोर ओरडत होते. मामा पाय न वाजवता निघून गेले.

“दूध,” सर म्हणाले. “दूध शिंपडलं मी.”

“हो सर.”

“मला साधं सुचलंसुद्धा नाही गं.”

त्यांनी तिच्यासमोरच बंगळुरूला फोन लावून भाषण मागं घेतलं. त्यात त्यांनी एक क्षणही घालवला नाही, हे सांगितलं पाहिजे. फोन ठेवल्यावर मात्र ते खिडकीकडं तोंड करून बोलले.

“अक्षता, गावातला सत्कार आहे रविवारी. माझी आई नव्वदीला टेकलीय. सयाजीनं मांडव घातलाय. तिथं कुणाला डावं-उजवं कळणार आहे? तेवढं होऊन जाऊ दे. मग सावकाश सगळं सांगू.”

ती “बरं” म्हणाली. म्हणताना तिला स्वतःचाच राग आला.

शनिवारी ती गावी आली तेव्हा मीनाबाई, म्हणजे तिची आई, नव्या साडीला फॉल लावत बसली होती. वडील जयसिंग शिरोलीच्या फौंड्रीतून पहिली पाळी करून आले होते आणि अंगणात पाय धूत होते. त्यांनी कामावर सगळ्यांना पेढे वाटले होते. जेवताना अक्षतानं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगून टाकलं. मीनाबाईची सुई थांबली.

“म्हंजे तुझं शिक्षान बुडालं व्हय?” आईनं विचारलं.

“न्हाय गं. मागच्या ओळीतलं खरं हाय. थोडं हाय, पन खरं हाय. ते मी पुन्यांदा करून दाखवू शकतो.”

गावात आलं की तिचं बोलणं असं इथल्या बायकांसारखं व्हायचं, पुरुषी क्रियापदांचं.

“आन् सर उद्या त्येच खोटं घेऊन स्टेजवर बसणार?”

“लोकांस्नी वाईट वाटंल म्हनून.”

जयसिंग टॉवेलनं पाय पुसत होते. ते कमी बोलणारे. पण बोलले की लोखंड ओतल्यासारखं, मग ते फिरत नसे. “त्यांचं त्ये बघतील. थोर मानूस हाय, तुला शिकवलंय. तू कशाला बसतीस तितं? आपुन बघून, तपासून, पटलं तरच मान हलवायची, हेच शिकलो न्हवं?”

“मी न्हाय गेलो तर सर चिडतील, पप्पा. माझा प्रबंध...”

“चिडू देत की.”

“सोपं हाय व्हय ते?”

“सोपं कोन म्हनतंय?” जयसिंग म्हणाले आणि टॉवेल झटकून दोरीवर टाकला.

अक्षतानं सरांना फोन केला. सांगायचं होतं बरंच, पण तोंडातून एवढंच आलं, की सर, उद्या मी वर बसणार नाही, खाली आई-पप्पांजवळ बसेन. पलीकडून फोन बंद झाला. झालं, आता आपलं काही खरं नाही, असं तिला वाटलं.

रविवारी चौकात मांडव गच्च भरला. हलगी कडाडत होती, तालमीच्या पोरांनी लेझीमचा डाव धरला होता, पुढच्या खुर्च्यांवर सरांच्या भावकीतली माणसं, सरांची म्हातारी आई खास गादीच्या खुर्चीवर. बौद्धवाडीतली माणसं उजव्या अंगाला, विहिरीच्या कट्ट्याजवळ. आता तिथं बसायला कुणी सांगत नाही, पण पाय सवयीनं तिकडंच वळतात. अक्षता आई-वडिलांच्या मधे बसली. सरांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. सर हसत नव्हते. सयाजीनं माइकमधे फुंकर मारली आणि अक्षताचं नाव पुकारलं. ती उठली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. माना वळल्या. प्रसेनजीत मागून कुजबुजला, “अगं जा की! काय झालं?” तिनं खाली बघितलं.

विजयसिंह सर उठले आणि सयाजीच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. आधी त्यांनी डोक्यावरचा फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला. हलगी आपोआप थांबली.

“गावकरी मंडळी,” ते म्हणाले. विद्यापीठातलं बोलणं त्यांनी तिथंच टाकलं. “चौकातला त्यो बोर्ड उतरवा. त्यावर लिवलंय त्ये खोटं हाय. म्या कसलं कोडं-बिडं उलगडलेलं न्हाय.”

सयाजी “काका, काका” करत पुढं आला. सरांनी त्याला हातानं थांबवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. डबक्याचं, वाळवणाचं, खंडेनवमीचं, दुधाचं. काही न झाकता, कृष्णातचं नावसुद्धा न घेता. त्यांची आई कानामागं हात धरून ऐकत होती.

पुढच्या रांगेतले आकाराम तात्या, सरांच्या वडिलांचे सोबती, काठी आपटून म्हणाले, “मंग काय जुळलंच न्हाय म्हन की, लेका! उगंच हलगी बडवली व्हय आमी?”

“जुळलंय, तात्या. दोन-तीन मणी. पन खरं. डावं-उजवं समदं मिसळलेलं हाय, म्हंजे जितं काय त्याला शिवलेलं न्हाय. आपलं आपण जुळलंय ते.” सर थांबले. मांडवात त्यांची नजर फिरली आणि विहिरीच्या अंगाला येऊन अक्षतावर स्थिरावली. “दोन वळी हुत्या कुप्यांच्या. पुढच्या वळीला माझा हात लागला, ती समदी नासली. मागच्या वळीला फकस्त ह्या पोरीचा हात हुता. तेवढीच चोख राहिली. आता हिनं मला सांगितलं नसतं तर म्या ह्योच फेटा घालून मिरवत बसलो असतो. सत्कार करायचा तर तिचा करा.”

टाळ्या पडल्या नाहीत. असल्या वेळी टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना.

मीनाबाई विहिरीच्या कट्ट्याकडं बघत होती. तिची सासू चिमणाबाई याच विहिरीपाशी घागर घेऊन तिष्ठत बसायची. वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर तो लांबून, वरून धार सोडायचा, आणि घागरीचा स्पर्श त्याच्या भांड्याला झाला तर भांडं विस्तवातून काढायचा. मीनाबाईनं हे डोळ्यांनी बघितलं नव्हतं. सासूनं सांगितलेलं ऐकलं होतं, तेही मोजक्या शब्दांत, कारण चिमणाबाई त्यावर फार बोलायचीच नाही. आणि आज त्याच वरच्या आळीचा माणूस, त्याच चौकात, सगळ्या भावकीसमोर म्हणत होता, की माझा हात लागला ते नासलं आणि हिचा लागला ते चोख राहिलं. तो हे रसायनाबद्दल बोलत होता. त्याचा आणखी काय अर्थ होतो, हे त्याला कदाचित कळलंही नसेल. मीनाबाईला कळलं. जयसिंगांनाही कळलं. त्यांनी तोंडावर टॉवेल धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते.

“आत्याबाई असायला पायजे हुत्या गं आज,” मीनाबाई सासूच्या आठवणीनं म्हणाली. तिनं अक्षताचा दंड धरून तिला उठवलं. “जा आता वर. आता जायाचं.”

अक्षता माणसांतून वाट काढत निघाली. लोक पाय आखडून घेत होते, खुर्च्या सरकवत होते. पायरीवर सर उभे होते. त्यांनी माइक तिच्या हातात दिला आणि स्वतः खाली उतरून मीनाबाईशेजारच्या तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.